जळलेला ड्रायव्हर काय सांगतो?

संगणकाच्या हुकमानं लाकूड कोरणारं सीएनसी यंत्र आता घराच्या पडवीतही तयार होतं. त्यात स्टेपर मोटारी असतात आणि प्रत्येक मोटारीमागे पोस्टाच्या तिकिटाएवढी एक पट्टी असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र बंद पडलं की बोट बहुधा तिच्याकडेच जातं. ती दोषी असतेच असं नाही.

स्टेपर मोटार पंख्यासारखी सलग फिरत नाही, पावलं टाकते. नेहमीच्या मोटारीचं एक पाऊल १.८ अंशांचं, म्हणजे एका फेऱ्याला २०० पावलं. आतल्या तारेच्या वेटोळ्यांतून दिशा बदलत, क्रमानं वीज सोडायची, हे ड्रायव्हरचं काम. घरगुती यंत्रांत ए-४९८८ हा ड्रायव्हर पुष्कळ दिसतो. तो ८ ते ३५ व्होल्टवर चालतो. कागदावर त्याची ताकद २ अँपिअर. पण गार ठेवायची सोय नसेल तर साधारण १ अँपिअरच्या पुढे तो फार तापतो आणि स्वतःच थांबतो. निवला की पुन्हा सुरू होतो. मोटार काही मिनिटं चालून थांबत असेल आणि थोड्या वेळानं आपोआप चालत असेल, तर समजावं, ड्रायव्हर जळलेला नाही, दमलेला आहे. त्याला पंख्याचा वारा द्यावा आणि प्रवाह तपासावा.

प्रवाह ठरतो पट्टीवरच्या बारीक स्क्रूनं. तो अंदाजानं पिळू नये. मल्टिमीटरची एक पिन स्क्रूवर आणि दुसरी ग्राउंडवर ठेवून व्होल्ट मोजावेत. पट्टीवरचे प्रवाह मोजणारे रेझिस्टर ०.१ ओहमचे असतील, तर १ अँपिअरसाठी ०.८ व्होल्ट हवेत, ०.०५ ओहमचे असतील, तर ०.४. पट्ट्या दिसायला सारख्याच. दुसरीवर पहिलीचा आकडा लावला की प्रवाह दुप्पट!

माझा भाचा अशा यंत्रावर दाराच्या पाट्या कोरून चार पैसे मिळवतो. एका पंधरवड्यात त्याचे एकाच मोटारीचे दोन ड्रायव्हर जळले. तिसरा बसवायला निघाला, तेव्हा मी विचारलं, ‘‘अरे, पहिले दोन कशानं गेले?’’ तो म्हणाला, ‘‘मामू, शोधायला वेळ कुठाय? उद्या पाट्या द्यायच्यात.’’ तरी बसला शोधायला. वीज बंद करून, मोटारीचा जोड काढून तारा मोजल्या. प्रत्येक जोडीत काही ओहम दाखवत होते, म्हणजे सगळं ठीक. मग मोटारीबरोबर सरकणारी केबल त्यानं हातानं वाकवली, आणि आकडा गायब झाला. हजारदा वाकून तार आवरणाच्या आत तुटली होती. सरळ असताना टोकं टेकत, वाकली की सुटत.

यानं ड्रायव्हर का जळावा? वेटोळ्यात प्रवाह वाहत असताना वाट अचानक तुटली, की तिथं व्होल्टेज उसळतं आणि ड्रायव्हरला ते सोसत नाही. म्हणूनच यंत्र चालू असताना मोटारीचा जोड कधीही ओढू नये. भाच्यानं बारीक धाग्यांची लवचीक केबल घातली. पाट्या एक दिवस उशिरा गेल्या, पण तिसरा ड्रायव्हर टिकला.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी वीज बंद. मग केबल हलवून तारा मोजा. मोटार नुसती थरथरत असेल, तर एका वेटोळ्याची वाट तुटली असण्याचा संभव मोठा. ड्रायव्हर उलटा बसला नाही ना, आणि त्याच्या जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे ना, हे पाहा; तो नसेल तर १२ व्होल्टच्या पुरवठ्यातही वीज जोडताना क्षणभर ३५ च्या वर उसळी येऊ शकते. मग प्रवाह आणि वारा. अदलाबदल सर्वांत शेवटी: दोन मोटारींचे ड्रायव्हर एकमेकांच्या जागी लावा. दोष ड्रायव्हरबरोबर सरकला तर दोषी तो. जागीच राहिला तर मोटार किंवा बोर्ड. तारा न तपासता अदलाबदल केलीत, तर चांगला ड्रायव्हरही त्याच वाटेनं जाईल. नवा भाग विकत घेण्याआधी जुना कशानं गेला, एवढं त्यालाच विचारून घ्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)