शोध आणि अंमल



या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी आपण माझी निवड केलीत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे. ज्यांनी मला रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवायला शिकविले, त्या पिढीतील गुरुजन समोर बसलेले असताना या स्थानावरून बोलण्याचा प्रसंग येणे, हे मी माझे भाग्य समजतो. आणि म्हणूनच नवे काही सिद्ध करण्याचा आव न आणता, आयुष्यभर व्यवसाय करीत असताना जो एक प्रश्न मला सतत अस्वस्थ करीत आला, तो आपल्यापुढे मांडावा आणि त्यावर आपला विचार मागावा, एवढाच माझा आजचा हेतू आहे. तो प्रश्न असा : जे आपल्याला ठाऊक झाले आहे, ते आपल्या हातून घडत का नाही?

या प्रश्नाची दोन टोके आपल्या भाषेने दोन शब्दांत धरून ठेवली आहेत. ‘शोध’ हा शब्द आपल्याकडे संस्कृतातून आला, आणि ‘अंमल’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने, दप्तरांतून आणि कचेऱ्यांतून आला. शोध विद्यापीठात आणि प्रयोगशाळेत वाढला. अंमल हुकूम, तरतूद आणि मंजुरी यांच्या सहवासात वाढला. परंतु मराठी माणूस अंमल हा शब्द आणखी एका अर्थाने वापरतो, हे आपण वैद्यांनी विसरू नये. राज्याचा जसा अंमल असतो, तसाच औषधाचा आणि भुलीचाही अंमल असतो. औषधाचा देहावर अंमल व्हावा, यासाठी आधी त्या औषधाचा दवाखान्यात अंमल व्हावा लागतो, आणि हा दुसरा अंमल पहिल्याइतकाच शास्त्रीय विचाराचा विषय आहे, हे माझ्या आजच्या भाषणाचे सूत्र आहे.

आरंभ आपल्याच मातीतील एका वनस्पतीपासून करतो. सर्पगंधेची मुळी उन्मादावर देण्याची रीत या देशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाबवृद्धी या दोहोंवरील तिच्या गुणांविषयी शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपला दीर्घ अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. आणि १९५४ साली न्यू यॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम नोंदविल्यानंतरच जगाच्या मानसोपचारशास्त्राने तिची गंभीरपणे दखल घेतली. पहिल्या निबंधापासून या घटनेपर्यंत तेवीस वर्षे लोटली. त्या वर्षांत आपल्या देशातील मनोरुग्णालयांत साखळदंड होते, कोंडवाड्यासारख्या खोल्या होत्या, आणि त्या खोल्यांच्या भिंतींपलीकडे, रानावनात, ती मुळी होती. मुळी आणि रुग्ण यांच्यामध्ये अंतर होते ते ज्ञानाचे नव्हते, तर ते ज्ञान हाती घेऊन पुढे नेण्याची जबाबदारी कुणाची, हे न ठरल्याचे होते.

याच्या उलट उदाहरण १९७१ सालचे आहे. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ भडकली. शिरेवाटे द्यावयाचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. ग्लुकोजच्या सोबतीने आतड्यातून क्षार व पाणी शोषले जाते, हे तत्त्व प्रयोगशाळेत आधीच सिद्ध झालेले होते. महालनबीसांचे कर्तृत्व असे की, ते तत्त्व त्यांनी निर्वासित मातांच्या, बहिणींच्या आणि भावांच्या हाती दिले, आणि जेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, तेथे ते शेकडा चाराच्या खाली आले. ज्या हाताला शिक्षण नाही, त्या हाताला विज्ञान पेलणार नाही, या समजुतीला बनगावच्या चिखलात मिळालेले हे उत्तर होते. तथापि त्याच कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. जवळजवळ पन्नास वर्षांनंतर, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, अतिसार झालेल्या दर दहा बालकांपैकी सुमारे सहा बालकांनाच क्षारसंजीवनीचे, म्हणजे अशाच मिश्रणाचे, पाणी मिळाल्याचे आढळले. जगातील सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक, ज्याचा पराक्रम आपल्याच भूमीवर सिद्ध झाला, ते अजून दहांपैकी चार घरांच्या उंबऱ्याबाहेर उभे आहे.

महाराष्ट्राला या विषयात स्वतःचा असा वारसा आहे. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेची स्थापना केली. कित्येक बालके जन्मल्यानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावतात, आणि त्यांना रुग्णालयात आणणे त्या प्रदेशात बहुधा शक्य होत नाही, हे पाहिल्यावर रुग्णालयातील ज्ञानच घरी नेण्याचा मार्ग त्यांनी निवडला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले; बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास अडल्यास काय करावे, जंतुसंसर्ग कोणत्या लक्षणांवरून ओळखावा आणि त्यावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन केव्हा द्यावे, हे त्यांना शिकविण्यात आले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत, अशांनाही बालकाच्या श्वासांची गती ओळखता यावी, म्हणून मणी आणि वाळूचे घड्याळ यांचे एक साधे साधन या संस्थेने घडविले. भाषांतर या शब्दाचा याहून सुंदर अर्थ मला ठाऊक नाही : न्यूमोनियाच्या निदानाचा निकष तोच राहिला, फक्त तो आकड्यांच्या भाषेतून मण्यांच्या भाषेत आला. ३९ गावांत हा प्रयोग झाला, ४७ गावांशी त्याची तुलना झाली, आणि नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यानंतर काय झाले, तेही पाहावे. भारत सरकारने आशा कार्यकर्तीमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना २०११ साली देशभर लागू केली. आज जन्मापासून बेचाळीस दिवसांत आशाताई सहा किंवा सात वेळा बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाचे वजन करते, ताप पाहते, त्याच्या अंगाला हात लावून ऊब अजमावते. हा या महाराष्ट्रात जन्मलेल्या शोधाचा विजय आहे, आणि मी तो अभिमानाने सांगतो. परंतु निबंध आणि सरकारी हुकूम यांच्यामध्ये बारा वर्षे गेली. ती वर्षे केवळ विलंबाची होती, असे मी म्हणणार नाही, कारण त्या काळात इतरत्र प्रयोग झाले, शंका विचारल्या गेल्या आणि त्यांची उत्तरे मिळाली. तरी ज्या घरांत त्या बारा वर्षांत पाळणा रिकामा झाला, त्या घरांचा हिशेब कोणत्याही खात्याच्या दप्तरात मांडला गेला नाही, एवढे मात्र मला म्हटले पाहिजे.

आता देहाकडून मनाकडे वळतो, कारण तेथे हे अंतर सर्वांत अधिक आहे. तालुक्याच्या गावी काम करीत असताना तेथील बाह्यरुग्ण विभागाची जुनी नोंदवही मी एकदा निवांतपणे चाळली. पानांमागून पानांवर त्याच स्त्रियांची नावे पुनःपुन्हा येत होती : अंग दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही. निदानाच्या रकान्यात ‘अशक्तपणा’ असे लिहिले होते, आणि उपचाराच्या रकान्यात जीवनसत्त्वाच्या गोळ्या. त्यांतील कित्येक नोंदी माझ्याच हस्ताक्षरात होत्या. त्या स्त्रिया खोटे सांगत नव्हत्या आणि मीही निष्काळजी नव्हतो. परंतु त्या नोंदवहीत दुःखाला रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते व्यवस्थेच्या दृष्टीला दिसत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालीच सुरू झालेला होता. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, विकारागणिक पाहता, दर शंभर पीडितांपैकी ७० ते ९२ जणांना उपचार मिळत नसल्याचे दिसून आले.

हे अंतर ओलांडता येते, हे गोव्याने दाखविले. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मानस’ नावाचा प्रयोग गोव्यातील २४ दवाखान्यांत केला, त्यांपैकी निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी होते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या आणि मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्यांची भेट घेतली, त्यांना त्यांच्या लक्षणांचा अर्थ समजावून सांगितला, आणि गरजेप्रमाणे पुढील उपचारांची तजवीज केली. मनोविकाराचे नाव माथी मारण्याऐवजी, माणसे स्वतःच जो ‘टेन्शन’ शब्द वापरतात, त्या शब्दापासून संभाषणाला आरंभ करणे हेही त्या उपचाराचेच अंग होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनंतर बऱ्या झालेल्यांचे प्रमाण या पद्धतीने सुमारे ६६ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीने ते सुमारे ४२ टक्केच होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. संशोधकांनी ही गोष्टही तितक्याच स्पष्टपणे नोंदविली, आणि तिच्यातून आपण शिकावयाचे ते हे की, एकच उपचार दोन दारांतून आत गेला तर दोन प्रकारे वागू शकतो.

हा धडा किती गंभीर आहे, हे सांगणारी एक हकीकत मला येथे सांगितलीच पाहिजे. अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या मातेला स्टेरॉइड दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ सालीच दाखविले होते. तरी समृद्ध देशांतही तो उपचार सार्वत्रिक व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला, आणि त्या विलंबाबद्दल वैद्यकविश्वाने स्वतःला योग्य तो दोष दिला. मग तोच उपचार गरीब देशांतील ग्रामीण भागात पोहोचविण्याचा मोठा प्रयोग सहा देशांत झाला, ज्यात आपले नागपूर आणि बेळगाव यांचाही समावेश होता. २०१५ साली निष्कर्ष आला, तेव्हा एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी हजारामागे तीनाहून अधिक वाढल्याचे आढळले. गर्भाचे वय अचूक ठरविण्याची सोय नाही, जन्मानंतर बाळाला सांभाळणारी यंत्रणा नाही, अशा ठिकाणी केवळ औषध पाठविले की काय होते, हे त्यातून कळले. पुढे, २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पाच देशांतील २९ सुसज्ज रुग्णालयांत, योग्य निवड आणि योग्य शुश्रूषा यांसह तोच उपचार दिला गेला, तेव्हा त्याने बालके वाचविली. औषध बदलले नव्हते. त्याच्या भोवतीची व्यवस्था बदलली होती. म्हणून शोध लवकर पोहोचवा, एवढाच आग्रह पुरेसा नाही. तो जेथे पोहोचेल तेथील परिस्थितीत पुन्हा तपासा, हा आग्रह त्याच्या जोडीला हवा.

मित्रहो, या सर्वांतून माझ्या मनाशी जो निर्णय झाला आहे तो असा. शोधाचे काम निबंध प्रसिद्ध झाल्यावर संपत नाही, आणि अंमलाचे काम हुकूम सुटल्यावर सुरू होत नाही. जो संशोधक आपल्या प्रयोगाची आखणी करतानाच, हे उद्या कोणाच्या हातून होणार, त्या हाताला किती वेळ आहे, त्याला मोबदला काय मिळणार आणि त्याची चूक झाल्यास त्याच्या पाठीशी कोण उभा राहणार, असे विचारतो, त्याचाच शोध घराघरांत पोहोचतो. आज आपण प्रत्येक नव्या योजनेबरोबर आशाताईच्या पिशवीत आणखी एक नोंदवही घालतो आणि तिच्या मानधनाचा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलतो. अशा रीतीने कोणतेही विज्ञान फार काळ चालणार नाही, हे मी शासनाच्या येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांना आदरपूर्वक, परंतु निःसंदिग्धपणे सांगू इच्छितो.

आणि मराठीतून लिहिणाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. रुग्णाच्या संमतिपत्रापासून औषधाच्या वेष्टनापर्यंत आपल्या आरोग्यव्यवस्थेतील बरेचसे लिखाण रुग्णाच्या भाषेत नाही, आणि जे आहे ते त्याला समजेल अशा मराठीत नाही. वैद्यकातील अचूकता आणि चुलीजवळची बोली यांची भेट घडवून आणणे हे दुय्यम दर्जाचे काम नव्हे. ते उपचाराचे पहिले पाऊल आहे.

शेवटी एक प्रत्यक्ष मागणी करतो. आपल्यापैकी प्रत्येकाने सिद्ध झालेला एक शोध निवडावा, आपल्या जवळचे एक आरोग्य केंद्र निवडावे, आणि वर्षभर त्या दोहोंमध्ये उभे राहून काय घडते ते लिहून ठेवावे : काय जमले, काय अडले, आणि तेथल्या परिचारिकेने व आशाताईने आपल्याला काय शिकविले. पुढील अधिवेशनास येताना केवळ निबंध आणू नका. त्याच्या अंमलाची हकीकत घेऊन या.