घराच्या उताऱ्यावर तिचं नाव



20 मार्च 1988 या दिवशी आपल्याच नगर जिल्ह्यात, संगमनेरला, एक परिषद भरली होती. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची. समता आंदोलनानं ती बोलावली होती आणि अॅडव्होकेट निशा शिवूरकर त्या कामात पुढे होत्या. या लढ्यावर नंतर त्यांनी 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तकही लिहिलं. त्या काळी अशा बाईची कुठल्या रकान्यात नोंदच होत नसे. नवरा जिवंत, म्हणून विधवा नाही. कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नाही, म्हणून घटस्फोटिता नाही. नांदती म्हणावी, तर नवऱ्यानं दुसरी आणलेली. रेशनकार्डावर नाव सासरी आणि पोट माहेरी. पोटगी मागायला गेली तर त्या वेळच्या कायद्यात कमाल मर्यादा होती महिना 500 रुपये. या बायकांचं मागणं साधंच होतं: स्वतःचं रेशनकार्ड, हाताला काम आणि राहायला जागा.

रेशनकार्ड मिळायला लागलं, पोटगीची मर्यादा गेली. जागेचं मात्र अजून घोंगडं भिजतच पडलंय. कोपरगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात रात्री मार खाऊन दोन लेकरांसह बाहेर पडलेली बाई डोळ्यांसमोर आणा. पोलीस ठाण्यात गेली तर बऱ्याचदा 'एनसी' लिहून घेतात, म्हणजे अदखलपात्र नोंद. दुसऱ्या दिवशी पाव्हणे जमतात. चहा होतो, मिटवून घ्या म्हणतात आणि तिला परत नांदायला धाडतात. मिटवणाऱ्यांपैकी एकालाही त्या घरात रात्र काढायची नसते. माहेरी राहावं, तर भावाच्या दोन खोल्या. भावजयीला नावं ठेवणं सोपं असतं, पण तिच्याही डोक्यावरचं छप्पर नवऱ्याच्याच नावावर असतं.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याचं सतरावं कलम सांगतं की ज्या घरात ती संसार करत होती तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. एकोणिसाव्या कलमाखाली न्यायाधीश नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. नाहीतर तिच्यासाठी दुसरं घर बघ, भाडं तू भर, असा आदेश देऊ शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासऱ्याच्या नावावर आहे ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2020 च्या निकालात बंद केली. तरीही आपण सगळे, चांगल्या मनाची माणसंसुद्धा, पहिला प्रश्न विचारतो तो 'आता हिला कुठं ठेवायचं?' असाच. त्याला कुठं पाठवायचं, हे कुणाच्या तोंडून निघत नाही.

मळ्यातल्या वस्तीवर, सासू-दिरांच्या गराड्यात, आदेशाचा कागद घेऊन राहणं किती जड असतं, हे मी नाकारत नाही. म्हणून घराच्या उताऱ्यावर तिचं नाव आधीपासून असावं, भांडण लागण्यापूर्वी. आपल्या भागाला हे नवं नाही. 1986 च्या नोव्हेंबरात शेजारच्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. पुढे सरकारनंही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याची योजना त्याच नावानं काढली, आणि 2003 मध्ये 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवराबायको दोघांची नावं लावायचं ठरवलं. आपल्या घराचा उतारा एकदा काढून बघा. दुसरं नाव नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा.

निवाऱ्याची गरज यानं संपत नाही. जीव वाचवायचा असतो त्या रात्री तरी बाईला चार भिंती हव्यातच. संकटातल्या बाईसाठी सरकारनं काढलेल्या जिल्ह्याच्या सखी केंद्रात पाचेक दिवस राहता येतं, पुढच्या मुक्कामाला शक्तिसदन असतं. पण कोपरगावहून नगर शंभरेक किलोमीटर. शिर्डी जवळ; तिथं गर्दीत कुणी नावगाव विचारत नाही, म्हणून तिची पावलं तिकडं वळतात. अशी बाई आणि तिची लेकरं वर्षानुवर्षं रस्त्यावर राहिली की काय होतं, हे बघायचं असेल तर नगरजवळ शिंगव्याला डॉक्टर राजेंद्र आणि सुचेता धामणे यांच्या 'माऊली'त जाऊन या. रस्त्यावर सापडलेल्या, मनानं मोडलेल्या बायकांना या दोघांनी घर दिलंय.

मुलांची शाळा हा आईला परत वळवणारा दोर असतो. दाखला सासरच्या गावच्या शाळेत अडकलेला, म्हणून ती मुकाट्यानं परत जाते. खरं तर शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला तरी आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकांनी ही गोष्ट आपणहून सांगावी. एकट्या पडलेल्या आईच्या मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजनाही आहे, मुलामागं महिना 2,250 रुपयांची.

आणि आता जिचा उतारा इथं नाहीच तिच्याविषयी. कोळपेवाडीच्या आणि संजीवनीच्या कारखान्याला ऊस तोडायला दूरदूरच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, ती फेडायची दोघांच्या हातांनी. मार असह्य होऊन बाई निघून गेली तर मागं उरतो अर्धा कोयता. मग मुकादम, टोळी, नवरा, सगळे तिला शोधायला निघतात. तिच्या काळजीनं नव्हे, उचल फिटायची म्हणून. टोळीच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, कडी नाही. गाव लांब, माहेर त्याहून लांब, आणि इथल्या ठाण्यात तिला ओळखणारं कुणी नाही. तिला हमखास सांगितलं जातं, 'तुझ्या तालुक्यात जाऊन तक्रार कर.' हे चूक आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमानुसार बाई तात्पुरती जिथं राहते, तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. म्हणजे कोपरगावच्या शिवारातल्या कोपीतली बाई कोपरगावच्या कोर्टात दाद मागू शकते. वकील फुकट मिळतो. विधी सेवा कायद्यात स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर महिलांसाठी 181, पोलिसांसाठी 112, मुलांसाठी 1098.

हे नंबर तिच्यापर्यंत पोचवणार कोण? माझ्या मते कारखान्याचा स्लिपबॉय. फडात रोज जाणारा, प्रत्येक टोळीला नावानं ओळखणारा कारखान्याचा माणूस तोच. त्याच्या चिठ्ठीच्या मागं हे तीन आकडे छापायला कितीसा खर्च येईल? एखादी टोळीतली बाई मध्येच बाहेर पडली तर तिच्या वाट्याची मजुरी उचलीत न कापता तिच्या हातात द्यायची, असा नियमही कारखान्यांना करता येईल. मुकादम कुरकुर करतील, करू द्या. दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटेल. त्याआधी तालुका विधी सेवा समिती आणि दोन्ही कारखान्यांचे शेतकी अधिकारी यांना एकदा एकत्र बसायला वेळ आहे.