पाण्याचे चक्र आणि मालकीचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित मजकूर)

पाणीवाटपाचा प्रश्न आपण नेहमी धरण, कालवा आणि कायदा यांपासून मांडावयास घेतो. आज मी तो समुद्रापासून मांडणार आहे. धरणातील पाणी तेथवर कोणी व कसे आणले हे उमगल्याखेरीज त्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाला भक्कम पाया मिळत नाही.

पाणी वर चढविण्याचे काम सूर्य करतो. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. ही उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेबरोबर सुप्त रूपाने प्रवास करते आणि जेथे ढग बनतो तेथे हवेत मोकळी होते. तिने हवा हलकी होऊन आणखी वर चढते. तिची जागा भरून काढण्यास दुरून वारे येतात आणि येताना नवी वाफ आणतात. हवा पाण्याला वाहून नेते हे जितके खरे, तितकेच पाणी हवेला चालविते हेही खरे. वातावरणातील सारी वाफ एखाद्या क्षणी पाणी होऊन पृथ्वीवर सारखी पसरली, तर जेमतेम २५ मिलिमीटरांचा थर होईल. परंतु ही वाफ सरासरी आठ-नऊ दिवसांत पाऊस होऊन उतरते व तिच्या जागी नवी येते. साठा लहान, पण फेरा अखंड. आपले जगणे या फेऱ्यावर चालले आहे.

आपला मोसमी पाऊस हा याच फेऱ्याचा एक भाग. उन्हाळ्यात आशियाची भूमी समुद्रापेक्षा अधिक तापते. दक्षिण गोलार्धातून निघालेले वारे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरील वाफ घेऊन सह्याद्रीवर आदळतात. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. डोंगर ओलांडून उतरणारी हवा तापते व कोरडी होते, एवढेच त्याचे कारण. निसर्गाचे चक्र उदार आहे, पण समन्यायी नाही. समन्याय ही माणसाने घडवावयाची गोष्ट आहे.

माणसाने काय घडविले, हे मुळशीला दिसते. तेथील पाणी मुळेतून भीमेकडे, भीमेतून कृष्णेकडे आणि शेवटी बंगालच्या उपसागराकडे जाणारे. टाटांच्या वीज योजनेने ते अडवून पश्चिमेला वळविले. त्याविरुद्ध १९२१ साली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यात उतरले. जमिनी बुडाल्या, धरण झाले आणि १९२७ पासून भिऱ्याला वीज निघू लागली. या विजेवर मुंबईचे कारखाने चालले व कामगारांना रोजगार मिळाला, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण हिशेब पुरा करा. भिऱ्याला पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडते. त्या पडण्यात जी ऊर्जा आहे ती, त्याच पाण्याची वाफ करण्यात सूर्याने जी खर्च केली, तिचा जेमतेम पाचशेवा भाग. बोगदा खणणाऱ्याचे श्रम आणि यंत्रावरचे भांडवल मी नाकारीत नाही. परंतु पाणी डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवण्याचे काम कोणत्याही भांडवलाने केलेले नाही. मग ते कोणत्या उतारावरून सोडावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार केवळ भांडवलाचा कसा?

आज या चक्रातच बदल होत आहे. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. धुराड्याला सरहद्द नसते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. पाऊस लांबतो आणि कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. ज्याने कोळसा जाळला तो एक, आणि ज्याचे पेरलेले वाहून गेले तो दुसरा. हवेच्या चक्रातही वर्गभेद शिरला आहे.

यावर उपाय केवळ मोठ्या धरणांत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर घरातील माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही वाटा, उसाला मज्जाव. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून त्यांनी वेगळा केला. हा निव्वळ परोपकार नव्हे. आभाळातून येताना पाणी सातबारा विचारीत नाही; मग जमिनीवर पोहोचताच ते सातबाऱ्याचे कसे होते, असा रोखठोक सवाल त्या नियमात आहे.

मित्रहो, आपापल्या तालुक्यात पाऊस किती पडतो, तो कोठे अडतो आणि अखेरीस कोणाच्या शेतात किंवा कारखान्यात जातो, याची मांडणी प्रत्येक शाखेने करावी. पावसाचे आकडे आणि पाणीपट्टीची वही शेजारी ठेवून वाचा. समुद्रापासून डोंगरमाथ्यापर्यंतचा पाण्याचा प्रवास सर्वांसाठी झालेला आहे. डोंगरमाथ्यापासून शिवारापर्यंतचा उरलेला प्रवासही सर्वांसाठी व्हावा, हा आपला लढा आहे.