आपल्या पुण्याचा वाण : एआरआय-५१६
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



वाइनच्या तांबड्या द्राक्षाचा विषय निघाला की शिराज आणि कॅबरनेट ही दोनच नावे आपल्या तोंडी येतात. आज एका तिसऱ्या वाणाची ओळख करून देतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो तयार केला असून त्याचे नाव एआरआय-५१६. रस, जॅम आणि तांबडी वाइन यांसाठी तो उपयोगी आहे.

कटॉबा हे अमेरिकन द्राक्ष आणि ब्यूटी सीडलेस हे युरोपीय कुळातले द्राक्ष, यांचा हा संकर. थॉम्पसनही युरोपीय कुळातलेच. केवडा आणि भुरी हे रोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात गेले. तिथल्या वेलींना या बुरशींची सवय नव्हती. अमेरिकन वेली मात्र त्यांच्या सोबतीनेच वाढलेल्या. तो काटकपणा या संकरात उतरला आहे. फळछाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत माल तयार होतो.

तांबड्या वाइनला हा गुण दुहेरी कामाचा. बहुतेक जातींत रंग गरात नसतो, सालीत असतो. म्हणून रस सालीसकट आंबवतात. साल बुरशीने खराब झाली की रंगही गेला. शिवाय काढणीच्या तोंडावर गंधक मारले, तर आंबताना कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. फवारण्या जितक्या कमी, तितके बरे.

पण रोगप्रतिकारक म्हणजे रोगमुक्त नव्हे. याचे घड घट्ट असतात. पाऊस लांबला की आत हवा खेळत नाही, म्हणून विरळणीत आणि घडाजवळची पाने काढण्यात हयगय नको.

आता विक्रीचे. २००८-०९ च्या मंदीनंतर गिऱ्हाईक न मिळाल्याने अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या, हे तुमच्यापैकी काहींनी सोसले आहे. अमेरिकन द्राक्षांना एक ठळक वास असतो. रसात तो आवडतो, वाइनवाल्यांना सहसा नाही. म्हणून काडी आणण्याआधी खरेदीदार गाठा. त्याला नमुन्याची वाइन काढून चाखू द्या. भाव, साखरेचे प्रमाण (ब्रिक्स), वजन कुठे होणार आणि पैसे किती दिवसांत, हे चारही मुद्दे लेखी घ्या. नुसत्या तोंडी शब्दावर एकरभर लावू नका. दोन-चार ओळी लावून दोन हंगाम पाहा.