चालवण्याचा खर्च



निरनिराळ्या महापालिकांच्या अभियंत्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे सोपवलंत. महानगराची वाहतूक, ऊर्जा आणि कचरा असा विषय स्वागत समितीने ठरवला आहे. तो एवढा मोठा आहे, की मी आज मुंबईपुरतंच बोलणार आहे, आणि तेही एकच मुद्दा धरून. आपल्याकडे उभारणीला पैसा मिळतो; उभारलेलं चालवायला मिळत नाही. अर्थसंकल्पात भांडवली खर्चाचा आकडा वाढला की प्रगती झाली म्हणतात, महसुली खर्चाचा वाढला की तोटा झाला म्हणतात. पण आपण टाळलेला खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल होतो, आणि ते ‘दुसरे’ बहुतेक वेळा तेच ते लोक असतात.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन असं त्यातलं उद्दिष्ट आहे. शहराच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा इमारतींमधल्या ऊर्जेचा, मग वाहतुकीचा आणि मग कचऱ्याचा, असं त्यात मांडलं आहे. आराखडा चांगला आहे. मी त्याची बाजू घेतो, आणि म्हणूनच तो कागदावर राहू नये यासाठी बोलतो आहे.

सुरुवात बसपासून करतो. ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’, म्हणजे ‘बेस्ट’, ही कंपनी १९०५ साली निघाली. १९०७ मध्ये तिची विजेची ट्राम रस्त्यावर आली, १९२६ मध्ये पहिली बस धावली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये सगळा कारभार महापालिकेकडे आला. वीज आणि वाहतूक एकाच संस्थेकडे असल्याने एक मोठी सोय झाली होती. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या वीजग्राहकाच्या बिलातून बसची तूट भरून निघत असे. दिवा लावणारा बसने जाणाऱ्याच्या तिकिटाचा थोडा भार उचलत होता. २००३च्या वीज कायद्यानंतर या व्यवस्थेवर वाद झाले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं आणि पुढे ही वसुली बंद झाली. वीजग्राहकाची तक्रार रास्त असेलही. मात्र त्या वसुलीच्या जागी दुसरा कायमचा मार्ग कोणी आखून दिला नाही, आणि बस तेव्हापासून दर वर्षी अनुदानाची वाट पाहते आहे.

परिणाम तुमच्यासमोर आहे. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. आज त्या तीन हजारांच्या आत आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या, भाडेतत्त्वावरच्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपये केलं, तेव्हा प्रवासी भराभर परतले. म्हणजे मागणी होती. पण गाड्या वाढल्या नाहीत, आणि मे २०२५ मध्ये तेच भाडं १० रुपये झालं. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला बस वेळेवर यायला हवी असते. ती आली नाही की तो शेअर रिक्षात बसतो, आणि पुढच्या दिवाळीला हप्त्यावर स्कूटर घेतो. एकदा स्कूटर घेतलेला माणूस पुन्हा थांब्यावर येत नाही.

आता सागरी किनारा मार्ग पाहा. त्यावर महापालिकेने तेरा हजार कोटींहून अधिक रुपये घातले. त्यावर टोल नाही, आणि दुचाकी व रिक्षांना प्रवेशही नाही. हा रस्ता फायद्यात चालतो की तोट्यात, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. बसला मात्र तो दर अर्थसंकल्पात विचारला जातो. मोटारीतून जाणाऱ्यासाठी केलेला खर्च ही सोय, आणि बसने जाणाऱ्यासाठी केलेला खर्च हा तोटा, ही हिशेबाची रीत मला अन्यायाची वाटते. तुम्हालाही वाटत असेल, तर ते आपण लेखी म्हटलं पाहिजे.

विजेवरच्या बस आल्या, त्यांचं मी मनापासून स्वागत करतो. पण गाडी बदलली म्हणजे सेवा बदलत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्यात विजेवरच्या बसचा भीषण अपघात झाला, माणसं गेली, आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. विजेच्या बसचा वेग घेण्याचा, ब्रेक लागण्याचा स्वभाव डिझेलच्या बसपेक्षा वेगळा असतो. तो हातापायांत बसायला दिवस लागतात, आणि ते दिवस पगारी लागतात. आगारातला मेकॅनिक, वाहतूक निरीक्षक, रात्रपाळीचा चार्जिंग कर्मचारी, हे सगळे महसुली खर्चातच येतात. शाश्वत वाहतूक म्हणजे हीच माणसं.

लोकलविषयी बोलल्याशिवाय मुंबईविषयी बोलता येत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याकडे विजेची पहिली गाडी सुटली. पुढे १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर सगळी उपनगरी सेवा नेण्याचं अवघड काम आपल्या अभियंत्यांनी गाड्या चालू ठेवून केलं. नव्या गाड्या ब्रेक लावताना विजेचा काही भाग तारेत परत सोडतात. मुंबईचा माणूस प्रवासात कमी इंधन जाळतो, त्याचं मोठं श्रेय लोकलला आहे. आणि याच लोकलच्या रुळांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून गेले, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. कमी कार्बनची आकडेवारी मांडताना हा आकडा तिच्या शेजारी लिहिला गेला पाहिजे, कारण ती बचत काही अंशी या गर्दीतूनच झालेली आहे.

मेट्रोविषयी एवढंच सांगतो, की आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली, हे मोठं काम आहे. पण स्थानकातून वर आल्यावर चालायला पदपथ आणि पुढे न्यायला बस नसेल, तर ती ज्यांच्यासाठी बांधली त्यातले निम्मे तिच्यापर्यंत पोचणारच नाहीत.

आता वीज. मुंबईला शंभर वर्षांपूर्वी स्वच्छ वीज मिळत होती, हे तरुण अभियंत्यांना अनेकदा माहीत नसतं. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, मग भिवपुरी, मग भिरा. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी कोकणात सोडायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. कोळशाचा धूर कमी झाला. पण त्या विजेसाठी मुळशीच्या मावळ्यांची भातशेती पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला, तरीही धरण झालं. मुंबईच्या पहिल्या हरित ऊर्जेची किंमत मुळशीने भरली. आज मुंबईला सौर आणि पवन वीज हवी आहे. ती जिथून येईल तिथल्या गावांशी आपण कसा करार करणार आहोत, हा प्रश्न मला तंत्रज्ञानाच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो.

शिवाय वीज आणायला वाहिन्या लागतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा बाहेरून येणाऱ्या वाहिन्या किती अपुऱ्या आहेत ते सगळ्यांना कळलं. त्यानंतर खारघर ते विक्रोळी ही रखडलेली ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये पूर्ण झाली. अशा कामाचं कोणी फारसं कौतुक करत नाही, पण बाहेरची सौर वीज शहरात येणार ती अशाच तारांवरून. गच्चीवरच्या सौर पॅनेलला मुंबईत मर्यादा आहेत, कारण गच्च्या लहान, माणसं जास्त आणि चार महिने पाऊस. पण रुग्णालयं, पालिका शाळा, आगारं, उदंचन केंद्रं यांच्या छपरांबाबत कोणाच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. ती छपरं आपलीच आहेत. फक्त पॅनेल बसवल्यावर ती धुवायला माणूस ठेवा. धुळीने माखलेली पॅनेलं मी बऱ्याच इमारतींवर पाहिली आहेत.

शेवटी कचरा. देवनारची कचराभूमी १९२७ पासून चालू आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिला आग लागली आणि धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. गोवंडीतल्या लोकांना तो दिसण्यासाठी उपग्रहाची गरज कधीच नव्हती. आता देवनारला रोज ६०० टन कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहतो आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: मुंबईच्या कचऱ्यात सर्वाधिक वाटा ओल्याचा आहे, आणि ओला कचरा जाळण्याजोगा नसतो, कुजवण्याजोगा असतो. देवनारपासून काही किलोमीटरवर, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘निसर्गऋण’ हे बायोगॅसचं तंत्र तयार झालं. माथेरानसारख्या गिरिस्थानावर ते वापरलं गेलं. या संयंत्राचा शत्रू एकच, मिश्र कचरा. एक प्लास्टिकची पिशवी आत गेली की मिक्सर अडकतो. म्हणजे अख्खं तंत्र उंबरठ्यावर कचरा वेगळा करणाऱ्या माणसावर उभं आहे.

तो माणूस बहुतेक ठिकाणी बाई असते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, सुका वेगळा काढून विकायचा, घरटी शुल्क घ्यायचं. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने अशा बायकांना बायोगॅस संयंत्रं चालवायला शिकवलं. घाटकोपरच्या एका गल्लीतून नव्वदच्या दशकात नागरिक आणि पालिका यांच्या भागीदारीची चळवळ निघाली, आणि गल्लीगल्लीत खतखड्डे झाले. हे सगळं आपल्याच माणसांनी, आपल्याच राज्यात करून दाखवलेलं आहे. वेचकांनी जो कचरा कचराभूमीवर जाऊ दिला नाही, त्याच्या वाहतुकीचे आणि जागेचे पैसे पालिकेचे वाचले. ते कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवले जातात? कुठल्याच नाही. निविदा निघते ती टनावर, म्हणजे कचरा जितका जास्त वाहून न्याल तितके पैसे जास्त. ही अट जोवर तशीच आहे, तोवर वर्गीकरणाच्या जाहिरातींवर केलेला खर्च वाया जाणार.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी तीन मागण्यांचा ठराव मांडणार आहे. वाहतूक, ऊर्जा वा कचरा, कोणत्याही प्रकल्पाला मंजुरी देताना पुढच्या पंधरा वर्षांच्या चालवण्याच्या खर्चाची तरतूद त्याच ठरावात असावी. पार्किंग शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने बससेवेला मिळावा. आणि कचऱ्याच्या कंत्राटात वाहून नेलेल्या टनाऐवजी कचराभूमीवर न गेलेल्या टनाला मोबदला असावा, त्यात वेचकांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य असावं. मसुदा टेबलावर ठेवला आहे. त्यावर दुरुस्त्या सुचवा, मतभेद असतील तर लिहून द्या. संध्याकाळपर्यंत त्या माझ्याकडे आल्या तर रात्री बसून अंतिम मसुदा करता येईल.