तेल्याच्या जिवाणूची पोथी

 आज बोलूया डाळिंबावरच्या तेल्याबद्दल. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडच्या बायकांना तो नव्याने सांगायला नको. पानाफळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, व्यापारी हात लावत नाही. बागेचं कर्ज मात्र तसंच राहतं.

तेल्या बुरशीचा नाही, जिवाणूचा रोग. त्या जिवाणूचं नाव झॅन्थोमोनास. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली दिल्लीत झाली. पुढे 2012 मध्ये चंदीगडच्या शास्त्रज्ञांनी त्याचा जनुकीय आराखडा वाचला. म्हणजे काय? प्रत्येक जिवाच्या पेशीत चारच अक्षरांत लिहिलेली एक पोथी असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जिवाणूच्या पोथीत सुमारे 50 लाख अक्षरं आहेत!

पोथी वाचली म्हणून तेल्या मरत नाही. पण चोराची खूण पटते. फक्त त्याच्याकडेच असलेली अक्षरं कळली की, डाग दिसण्याआधीही प्रयोगशाळेत त्याला ओळखता येतं.

याचा उपयोग कोळंबीच्या तळ्यांत दिसला. चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये कोळंबीची पिल्लं तळ्यात सोडल्यावर महिनाभरातच मरू लागली. 2013 मध्ये अमेरिकेतल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने त्यामागचा जिवाणू शोधला. मग अक्षरं वाचल्यावर उलगडा झाला. दिसायला सारखेच जिवाणू, पण ज्यांच्याकडे विष बनवणाऱ्या जनुकांचा एक जादा तुकडा असतो, तेच ही मर पसरवतात. तेव्हापासून तो तुकडा शोधणारी चाचणी करून बीज तळ्यात सोडता येतं.

आपलं बीज म्हणजे रोप. तेल्या मुख्यतः रोगट झाडाच्या कलमातून नव्या बागेत येतो. झाड वरून हिरवंगार दिसलं तरी आत जिवाणू असू शकतो. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय: स्वस्त मिळालं म्हणून रोप घ्यायचं नाही. मातृवृक्ष कुठला, त्या बागेत तेल्या होता का, तपासणी झाली का, हे विचारायचं. गटाने मिळून खरेदी केली तर रोपवाटिकेला उत्तर द्यावंच लागतं. शंका असली तर आपल्या सोलापुरातच, केगावला, 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे विचारायचं.

छाटणीची कात्री आपल्याच हातात असते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ती सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यात बुडवा. पानं ओली असताना बागेत काम नको. रोगट फांद्या, फळं बांधावर टाकू नका, जाळून टाका.

आणि स्ट्रेप्टोमायसिनची फवारणी आता नाही. सरकारने 2021 च्या आदेशाने शेतीतला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद केला. हेच औषध माणसांच्या क्षयरोगावरही वापरतात. शेतात वारेमाप फवारलं तर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. मग बागही जाते आणि घरातल्या आजाऱ्याचं औषधही.

पुढच्या गटबैठकीत रोपांचा विषय नक्की काढा.