मुका उतारू



कामगार चळवळीतला माणूस बोलणार म्हटल्यावर बोनस, महागाई भत्ता आणि संप यांविषयी ऐकण्याच्या तयारीने आपण आला असाल. मी मात्र आज कुत्र्याला मोटारीतून लांबच्या प्रवासाला कसे न्यावे, या विषयावर चार शब्द सांगणार आहे. विषय कळवला तेव्हा चालकही हसले. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते कारखान्यांच्या फाटकांवर शिकलो. आणि हा विषय मला मोत्याने शिकवला.

मोत्या म्हणजे आमच्या युनियनच्या कचेरीच्या पायरीवर एका पावसाळ्यात येऊन बसलेला गावठी कुत्रा. तो पुढे आमच्या घरचा झाला. तीन उन्हाळ्यांपूर्वी, एप्रिल महिन्यात, मी आणि माझा भाचा त्याला घेऊन पुण्याहून रत्नागिरीस निघालो. दुपारी कऱ्हाडला कार्यकर्ते वाट पाहत होते. निंबाच्या सावलीत गाडी लावली, काचा चार बोटे खाली केल्या. भाचा म्हणाला, "मामा, मी थांबतो गाडीत." मी म्हटले, "चल रे, चहा घे. दहा मिनिटांचे तर काम."

आमच्या चळवळीतली दहा मिनिटे आपणांस ठाऊक आहेतच. अर्ध्या तासाने परतलो तो सावली सरकलेली, आणि मोत्या सीटखाली पडलेला. जीभ लोंबत होती, तोंडातून चिकट लाळ गळत होती, हिरड्या लालभडक झाल्या होत्या. उठवला तर झोकांड्या जाऊ लागल्या. शेजारी चहा पीत असलेला एक ट्रक ड्रायव्हर धावत आला आणि म्हणाला, "ऊन लागलंय त्याला. आधी सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता." आम्ही कॅनमधले पाणी त्याच्या पोटावर, मांड्यांवर ओतले. वारा घालायला हाताशी काही नव्हते, म्हणून मी पिशवीतला पत्रकांचा गठ्ठा काढला. उन्हात काम करणाऱ्या कामगारांना सावली आणि पिण्याचे पाणी मिळालेच पाहिजे, अशी मागणी त्या पत्रकांवर छापली होती. बंधूंनो, त्याच पत्रकांनी मी त्या मुक्या जिवाला वारा घालत होतो! तिथून थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सलाइन लावले. मोत्या वाचला, पण रत्नागिरी दोन दिवस लांबली.

त्या दोन दिवसांत डॉक्टरांनी मला जे समजावले ते असे. आपले सर्वांग घामेजते आणि घाम वाळला की गारवा येतो. कुत्र्याला घाम येतो तो बहुतेक पंजांच्या तळव्यांना. बाकीची सारी उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की धापाही निरुपयोगी ठरतात. बाहेर 24 अंश सेल्सिअस असले तरी बंद मोटारीत दहा मिनिटांत 34 आणि अर्ध्या तासात 40 च्या वर पारा जातो. काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे तर एप्रिलची सुरुवातच 35 च्या पुढे होते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे 38 ते 39 अंश असते. ते 41 च्या वर गेले की जिवाला धोका. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर हा धोका फार लवकर गाठतो. म्हणून पहिला नियम असा की, कुत्र्याला मोटारीत एकटे ठेवू नये. चहाला एकाने जावे, एकाने थांबावे.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विसावा ठरवून दिला. मोत्याला पाच तास चालत नाहीत. दर दोन तासांनी गाडी थांबवावी, त्याला पाय मोकळे करू द्यावेत, पाणी पाजावे. दार उघडण्यापूर्वी पट्टा हातात हवा. हमरस्त्यावर बुजलेले कुत्रे क्षणात चाकाखाली जाते. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू थोडा वेळ टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. उन्हाळ्यात पहाटे निघावे, हे सर्वांत उत्तम.

तिसरी गोष्ट जागेची. उताऱ्याला त्याची जागा हवी. कुत्र्याला मागच्या सीटवर बसवून छातीपट्टा घालावा आणि तो गाडीच्या बेल्टला अडकवावा. गळपट्टा अडकवू नये, कारण ब्रेक लागताच हिसका मानेला बसतो. पिंजरा असेल तर त्यात त्याला उभे राहता, वळता आले पाहिजे, आणि पिंजराही बांधलेला हवा. पुढच्या सीटवर किंवा मांडीवर बसवू नये. एअरबॅग माणसाच्या मापाने केलेली असते. खिडकीबाहेर डोके काढलेला कुत्रा दिसतो छान, पण उडालेला खडा डोळ्यात गेला की जन्माचे नुकसान.

चौथी गोष्ट पोटाची. निघण्यापूर्वी तीन-चार तास आधी हलके खाणे द्यावे; चालत्या गाडीत खायला देऊ नये. पिल्लांना गाडी अधिक लागते. आंब्याच्या घाटात तर थोरामोठ्यांचीही परीक्षा होते, तिथे वळणे सावकाश घ्यावीत. आपल्या डब्यातली उलटीची किंवा झोपेची गोळी मनाने देऊ नये. गुंगीत त्याला तोलही सावरत नाही. औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे. लांबच्या प्रवासापूर्वी सवय करावी: आधी उभ्या गाडीत बसवावे, मग गल्लीतून एक फेरी, मग अर्धा तास. गळ्यातल्या बिल्ल्यावर आपला फोन नंबर आणि जवळ रेबीजच्या लसीचा दाखला असू द्यावा.

आपल्या देशात 1960 चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आहे. जनावराला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे. पण त्या दुपारी कऱ्हाडला हा कायदा माझ्या गाडीत डोकावला नव्हता. डोकावला तो एक ट्रक ड्रायव्हर.

कोणी विचारील, जिथे माणसे टेंपोत कोंबून नेली जातात तिथे हे कुत्र्याचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराबद्दल "दहा मिनिटे सोसेल तो," असे म्हणणारे मुकादम मी आयुष्यभर पाहिले आणि त्यांच्याशी भांडलो. त्या दिवशी तेच वाक्य माझ्या मनात होते. दुसऱ्याचे सोसणे आपण आपल्या सोयीने मोजतो, हे मला पन्नाशीनंतर एका कुत्र्यापुढे कळले. माणसाला निदान फाटकावर येऊन घोषणा देता येते. मोत्याला फक्त धाप टाकता येते, आणि ती ऐकायला गाडीपाशी कोणीतरी असावे लागते.